भासऱ्यांसमोरचा ठिपका

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं माझी सासू सगळ्यांना सांगते, आणि ती सांगत असते तेव्हाही मला राग येतो. पण त्या उन्हाळ्यात मी जी चिडले होते, त्याला कारण होतं. कबड्डीच्या सामन्याच्या तोंडावर माझ्या डोळ्यांनी माझ्याशी दगाबाजी केली, असं एका मशीननं जाहीर केलं होतं.

आसेगावात आमच्या वस्तीत बुद्ध पौर्णिमेला लेकी माहेरी येतात. सकाळी विहारात वंदना, दुपारी खीर आणि पुरणपोळ्या, आणि दुसऱ्या दिवशी ऊन कललं की शाळेच्या मैदानावर कबड्डी, सुना विरुद्ध लेकी. दर वर्षी लेकी जिंकतात. याचं कारण अगदी साधं आहे. त्या माहेरी आलेल्या असतात, खाऊनपिऊन, झोपून ताज्यातवान्या असतात, आणि आम्ही सुना त्यांच्याचसाठी पोळ्या लाटून, भांडी घासून मैदानात उतरतो. तरीही मला हा खेळ जिवापाड आवडतो. शाळेत असताना मी तालुक्याच्या संघात होते, चढाई करायचे. लग्नानंतर ते सगळं सुटलं. वर्षातून तेवढ्या एका संध्याकाळी मी समोरच्या सातजणींच्या डोळ्यांत डोळे घालते, मांडीवर थाप मारते आणि सबंध वस्तीला ऐकू जाईल असं ओरडते. कुणी काही म्हणत नाही. त्या संध्याकाळच्या भरवशावर माझं उरलेलं वर्ष निघतं, असं म्हटलं तरी चालेल.

सुनांच्या संघाची कप्तान मी, आणि लेकींची कप्तान माझी नणंद. आमच्या कोपऱ्यावर खेळते माझी मोठी जाऊ. ती एकदा पाय धरून बसली की बैलजोडी लावूनही सुटका होत नाही. सराव उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच चालू झाला होता. एका संध्याकाळी मी आणि जाऊ दोघी एकाच पायावर झेपावलो. पाय निसटला आणि आमची डोकी एकमेकींवर आदळली. जाऊबाईंच्या डोक्याला काहीही झालं नाही. ती उठली, पदर खोचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय व, इतकुशानं पडली?" मला तेव्हा दोन जावा दिसत होत्या, आणि एक असतानाच मला पुरून उरते.

मला वाशीमला नेलं, डोक्याचा स्कॅन झाला. सूज नाही, रक्त साचलेलं नाही, सगळं स्वच्छ. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला बसलेला हादरा फोटोत दिसत नाही, आराम करा, खेळायचं नाव काढू नका. मी ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे. आठवडाभरानं कामावर गेले तर स्क्रीनवरच्या ओळी जागेवर थांबेनात. एक ओळ वाचायला घेतली की नजर दोन ओळी खाली जाऊन पडायची. उतारा एकाचा, नाव दुसऱ्याचं. मी गप्प घरी आले आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहिले. सगळं घर शांत झालं, कारण मी शांत झाले होते.

मग हळूहळू ते ओसरलं. आधी डोकं दुखायचं थांबलं, मग बसमध्ये मळमळणं गेलं, मग ओळी जागेवर आल्या. मला वाटलं, झालं, आता मैदान. पण डॉक्टरांनी अट घातली होती. खेळायचं असेल तर आधी डोळ्यांची हालचाल तपासून घ्या, वाशीमलाच एका डॉक्टरीणबाईंनी त्याचं मशीन आणलंय, त्या काय म्हणतात ते बघू. इकडे नणंदेचा रोज फोन. "वैनी, तुमी आराम करा जी. आमी तुमच्यावाचूनही जिंकून घेऊ." फोन ठेवल्यावर मी जी भाकरी थापायची ती कुणालाच मऊ लागत नसे.

माझे यजमान समृद्धी महामार्गावर टोलनाक्यावर असतात आणि त्यांना सुट्टी म्हटलं की साहेबाला ताप येतो. म्हणून मला वाशीमला न्यायचं काम आलं भासऱ्यांवर. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, माझ्या त्याच जावेचे मालक, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. सुनेनं भासऱ्यासमोर मान वर करायची नाही, थेट बोलायचं नाही, आणि भासऱ्यानंही सुनेला थेट काही म्हणायचं नाही. ते घरात येत आणि भिंतीला सांगत, "चहा झाला असंन तं पेऊन जावं म्हनतो." मी चहा करून चुलीला सांगायची, "चहा झालाय म्हणावं." मध्ये कुणी नसेल तर आमचं बोलणं बकरीमार्फत चाले. आजेसासऱ्यांच्या काळात घरानं धर्म बदलला, देव्हारे उचलले, उपासतापास सोडले, जे जे जुनं होतं ते विचार करकरून बाहेर काढलं. ही एवढी मान खाली घालायची रीत मात्र राहून गेली. बहुधा कुणाच्या ती लक्षातच आली नाही. माझ्याही आली नव्हती. मी भासऱ्यांना चपलांवरून, खाकरण्यावरून आणि पायजम्याच्या काठावरून ओळखत होते.

तर त्यांच्या जुन्या गाडीत मी मागे बसले, ते पुढे, आणि आसेगावहून वाशीमपर्यंत ते आरशाला टांगलेल्या माळेशी आणि मी खिडकीशी बोलत गेलो. उसाची रसवंती दिसली तेव्हा ते माळेला म्हणाले, "उन्ह भल्लं आहे. रस पेनं झाला तं बरं." मी खिडकीला म्हटलं, "आधी तपासणी होऊन जावी."

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान होत्या. बाजारातल्या एका जैन कापडवाल्यांची लेक, शिकून परत आपल्याच गावात आलेली. बोलायला मोकळ्या. त्यांची मशीनची खोली म्हणजे आधीची औषधांची कोठी असावी, इतकी अरुंद. टेबलावर स्क्रीन, स्क्रीनखाली छोटा कॅमेरा, आणि माझ्या बाजूला हनुवटी टेकवायची पट्टी. बाईंनी समजावून सांगितलं. स्क्रीनवर एक ठिपका फिरेल. डोकं हलवायचं नाही, फक्त डोळ्यांनी त्याच्या मागे जायचं. कॅमेरा बुबुळ कुठं जातंय ते बघतो आणि त्याची रेषा काढतो. डोक्याला हादरा बसला की माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, पण डोळे ठिपक्याच्या मागे नीट जात नाहीत, मागे राहतात, उड्या मारतात, सुटतात. "एवढ्यावरच सगळं ठरत नाही," त्या म्हणाल्या, "तोल बघायचा, आठवण बघायची, तुम्हाला काय होतंय ते ऐकायचं. पण डोळे बरंच काही बोलून जातात."

भासरे दारात घुटमळत होते. बाईंनी त्यांना आत बोलावलं. खोलीत जादा खुर्ची एकच, टेबलाच्या पलीकडे भिंतीला लावलेली. ते तिथं जाऊन बसले, म्हणजे बरोबर स्क्रीनच्या मागे, माझ्या समोर. बाई बाजूच्या कॉम्प्युटरकडे तोंड करून बसल्या. ठिपका निघाला.

मी मन लावून बघितलं हो. डावीकडे गेले, उजवीकडे गेले, खाली गेले, गोल फिरले. एकदाही डोकं हलवलं नाही. परीक्षा संपल्यावर मला वाटलं, शंभरपैकी शंभर. बाईंनी मला त्यांचा स्क्रीन दाखवला. ठिपक्याची वाट निळी होती, माझ्या नजरेची लाल. डावी-उजवी लाल रेषा निळीवरून सरळ गेलेली, तोलाच्या आणि आठवणीच्या तपासण्याही चांगल्या. पण ठिपका जिथं जिथं वर चढला होता, तिथं तिथं लाल रेषा अर्ध्यावर सुटून खाली आपटली होती. वर्तुळाला वरची बाजूच नव्हती.

"वर जाताना नजर घसरते तुमची," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मघासारखा हसरा नव्हता. "प्रत्येक वेळी. हे मला आवडलं नाही. सध्या खेळ बंद. पुन्हा बघू, आणि असंच दिसलं तर अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवीन."

परतीच्या वाटेवर रसवंती आली तशी गेली. माळही बोलली नाही आणि खिडकीही. मला भीती वाटली, खरंच वाटली. कबड्डीची नव्हे, डोक्यात काहीतरी कायमचं तुटलंय की काय याची. आणि लगेच कबड्डीचीही वाटली, कारण भीतीसुद्धा मला एका वेळी एक अशी येत नाही.

घरी जाऊबाईंना हे पटेना. आपल्या डोक्यानं दुसऱ्याचं एवढं नुकसान झालंय हे ती मान्यच करायला तयार नव्हती. तिनं एका चमच्याला लाल टिकली चिकटवली आणि मला ओट्याशी उभं करून चमचा वरखाली फिरवायला लागली. शेजारच्या दोघी सुना पंच म्हणून आल्या. चमचा वर, माझे डोळे वर. चमचा छतापर्यंत, माझे डोळे छतापर्यंत. "वर तं चांगली पायते व तू!" जाऊ म्हणाली. "मशीनच बिघडलं असंन." मग रोज भाज्या निवडताना, कपडे वाळत घालताना तिचा चमचा माझ्या तोंडापुढे नाचायला लागला. आमची हसून हसून मुरकुंडी वळायची. सासू विचारायची, हे काय चाललंय, तर जाऊ सांगायची, वैदकी चालली आहे. एकदा तर तिनं टिकलीचा चमचा तसाच वरणात घातला आणि ती टिकली नेमकी भासऱ्यांच्या ताटात निघाली. त्यांनी ती भिंतीला दाखवून मुकाट्यानं बाजूला ठेवली.

दुसऱ्या वेळी वाशीमला गेले तेव्हा मी निर्धार करून गेले होते. तीच खोली, तीच पट्टी, भासरे त्याच खुर्चीत. ठिपका निघाला. मी डोळे ताणून ताणून बघितलं. बाईंनी हळूच 'च्‌च्' केलं ते मला ऐकू आलं. लाल रेषा पुन्हा खाली आपटत होती.

तेवढ्यात भासऱ्यांचा फोन वाजला. जाऊचा होता, येताना टमाटे आणा म्हणून. ते गडबडीनं उठून बाहेर गेले. ठिपका आपला फिरतच होता आणि मी त्याच्या मागे. "अरे!" बाई म्हणाल्या. "हे बघा. आता वर्तुळ पुरं आलं. अजून एक. हेही पुरं." त्या खुर्चीत पुढे सरकल्या. मग फोन संपवून भासरे आत आले, खुर्चीत बसले, आणि ठिपका वर चढला. बाईंनी कॉम्प्युटरवरून मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनच्या मागे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"हे कोण तुमचे?"

मी मान खाली घालून म्हटलं, "भासरे."

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागल्या. मला काही कळेना. "अहो," त्या म्हणाल्या, "माझी आई आजही जेठजींसमोर, म्हणजे माझ्या मोठ्या काकांसमोर, पदर पुढे ओढते, आणि मी मूर्खासारखी त्यांची खुर्ची तुमच्या नाकासमोर मांडली! ठिपका वर चढला की यांच्या चेहऱ्याखाली येतो, आणि तुमचे डोळे खाली पळतात. तुम्हाला कळतंसुद्धा नाही. चूक माझी आहे, डोळ्यांची नाही."

मला खरोखर कळलं नव्हतं. मी शपथेवर सांगितलं असतं की मी ठिपक्याकडेच बघत होते. आपलेच डोळे आपल्याला न विचारता इतकी वर्षं असे वागत आलेत, हे मशीननं रेषा काढून दाखवल्यावर मला आधी लाज वाटली, मग एवढं हसू आलं की हनुवटी पट्टीवरून निसटली. बाईंनी भासऱ्यांना बाहेर बसवून सगळी तपासणी पहिल्यापासून केली. डावी, उजवी, वर, खाली, गोल. लाल रेषा निळीवर अशी बसली की निळी दिसेचना. "हळूहळू सराव सुरू करा," बाई म्हणाल्या. "डोकं दुखलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबायचं. आणि त्या जाऊबाईंपासून लांब राहायचं." माझा जीव भांड्यात पडला. सामना आम्ही जिंकलो हेही इथंच सांगून मोकळी होते. दोन गुणांनी, आणि शेवटची चढाई माझी. नणंदेनं त्या रात्री माझ्या हातची पोळी खाल्ली नाही, सकाळी मात्र चार खाल्ल्या. पण मला सांगायचंय ते त्या खोलीतलंच आहे.

बाईंनी भासऱ्यांना आत बोलावलं आणि हसत हसत सगळं सांगितलं, रेषा दाखवल्या. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. बराच वेळ त्या तुटक्या वर्तुळाकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले आणि बोलले, आणि या वेळी खोलीत ना माळ होती ना बकरी.

"म्हंजे हे रीतीपायी होतं?"

मी खालच्या मानेनंच होकार दिला.

"मले वाटे," ते म्हणाले, "माह्या या डोयापायी. शाळेतले पोट्टे हेकणा म्हनते मले मागून. मले मालूम आहे. त्यायचं काही नाही, लेकरं आहेत. पन घरातलं मानूस कधीच वर पायत नाही तं वाटे, आपला डोया असा वाकडा, पाहून कसंसं होत असंन कोनाले. म्हनून मी घरातही तो काळा चस्मा घालतो. तुमाले तरास नको म्हनून."

लग्न झालं त्या वर्षी कुणीतरी मला सांगितलं होतं की मोठ्यांचा एक डोळा तिरळा आहे. मी ते ऐकलं आणि विसरून गेले, कारण जे कधी बघायचंच नव्हतं ते लक्षात ठेवून काय करायचं. मी मान खाली घालत आले ती मान म्हणून, अदब म्हणून, आणि हा माणूस माझ्या त्याच खाली घातलेल्या मानेत दर दिवशी आपलं वाकडेपण बघत होता. मला खूप वाईट वाटलं. इतका चांगला माणूस, मला कधी उणा शब्द न बोललेला, भिंतीमार्फतसुद्धा.

"नाई जी, दादा," मी म्हटलं. त्यांना मी कधी कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती, ती तेव्हा आपोआप तोंडातून निघाली. "तुमचा डोया मी पायलाच नाही कधी. देवाशप्पत नाही, आपल्यात देव नाही, पन खरंच सांगतो."

ते एवढंसं हसले. बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग म्हणाल्या, "ताडून बघायला माझ्याकडे अजून एक चांगली रेषा असू द्या. शेवटचं एकदा करता? यांना बाहेर बसवते."

"नको," मी म्हटलं. "दादा तिथंच बसतीन."

हनुवटी पट्टीवर टेकवली. ठिपका निघाला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, खाली उतरला, ते सगळं सोपं होतं. मग तो वर चढायला लागला. मान पट्टीत अडकलेली होती म्हणून खाली घालता येत नव्हती, पण डोळ्यांना रस्ता मोकळा होता आणि ते खाली पळायला तळमळत होते, हे मला पहिल्यांदाच आतून कळलं. पापण्या जड झाल्या. कानशिलं तापली. मी मनातल्या मनात कबड्डी कबड्डी म्हणायला लागले आणि ठिपक्याला सोडलं नाही. तो पार वरच्या कडेला जाऊन टेकला. मी त्याच्याबरोबर टेकले. मग तो वळून खाली निघाला आणि मी निघाले नाही.

कडेच्या वर एक चेहरा होता. पिकायला लागलेल्या मिशा, नाकावर चष्म्याचा वळ, चष्मा हातात. डावा डोळा खिडकीकडे बघत होता, उजवा माझ्याकडे, आणि दोन्हींतून पाणी वाहत होतं.

"अहो, ठिपका खाली गेला!" बाई कॉम्प्युटरवरून ओरडल्या. "तुम्ही कुठं बघताय?"

"दादाकडे," मी म्हटलं. "थांबा जरा, बाई. मले पाहू द्या."